सतरावा रकाना

प्रसूतीच्या नोंदवहीत सतरावा रकाना आहे :
जन्मजात व्यंग, असल्यास.
रुंदी दोन बोटं.
माझ्या आधीच्या सिस्टरनी अकरा वर्षं
त्यात पानोपान एकच उभी रेघ ओढलेली,
पट्टीसुद्धा न लावता.

मी आल्यापासून तिथं अक्षरं आहेत.
बिल्किस मुजावरचा मुलगा : वरचा ओठ, टाळूसकट.
सुलक्षणा तांडेलची मुलगी : दोन्ही पावलं आत वळलेली.
दीप्ती पराडकरची मुलगी :
पाठीवर, कमरेच्या जरा वर,
लिंबाएवढा फुगवटा, पातळ कातडीआड पाणी.
तिच्यापुढे नाव नाही.
दहाच दिवस होती.

तालुक्याच्या मीटिंगला पडद्यावर आलेख आला.
साहेब म्हणाले,
तुमच्याच उपकेंद्राची रेघ वर का चढतेय?
मी उभी राहिले.
हातात चहाचा कागदी कप,
तो कुठे ठेवावा कळेना.

वाडीकडे कारणं तयार असतात.
ग्रहणात तिनं सुरमई कापली.
टॉवर बसला त्या सालापासून.
मामाच्याच घरात दिली, आणखी काय होणार.
आणि कुणीतरी अगदी हळू :
कलमांवर मारतात ते औषध,
फवारणीनंतर विहिरीचा काठ पांढरा दिसतो.
शेवटच्या दोन्हींवर मी मान हलवली नाही, हसलेही नाही.
पाण्याची बाटली ओरोसला पाठवली.
सात महिने झाले.
पोच आली आहे, अहवाल नाही.

मग तानीआतेकडे गेले.
चाळीस वर्षं तिनं या किनाऱ्याच्या नाळा कापल्या,
आता खळ्यात सोलं उलटत बसते.
विचारलं, तुमच्या वेळी असली पोरं नव्हती का?
तिनं सूप संपेपर्यंत उत्तर दिलं नाही.
"हुती गो. वही नाय हुती."
लाल झालेले हात लुगड्याला पुसले,
माडांकडे बघितलं.
"एक कोयंड्यांच्या गडग्याकडे, दोन ह्या बाजूक.
आवशीक सांगला, मेलेला इला.
त्यातला एक रडलेला."

मी वही उघडली नाही.

रेघ चढत नव्हती, साहेब.
सगळी नाही म्हणत मी, पण बरीचशी
जमिनीतून वर येत होती.

पण हे सांगून दीप्तीला काय?
बाळाचा कणा मिटतो अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत,
तेव्हा आई अजून
पाळीचे दिवस बोटांवर मोजत असते.
माझी फॉलिक ॲसिडची गोळी पोचते अडीच महिन्यांनी.
आधी नोंदणी, कार्ड, आधारची झेरॉक्स, मग गोळी.
कौलं चढल्यावर वासे घेऊन येणाऱ्या
सुतारासारखी मी दारात उभी.

म्हणून या मे महिन्यात
लग्नघरांत शिरले, न बोलावता.
अक्षता कोयंडेची ओटी भरत होते.
खण, नारळ, तांदूळ, सुपारी,
वरून मी ठेवली पिवळ्या गोळ्यांची एक पट्टी.
सासू म्हणाली,
"अजून हळद उतराक नाय, आणि ह्या कसला औषद?"
पोरी खिदळल्या. कुणीतरी फोटो काढला.
मी अक्षताच्या कानाशी वाकले :
रोज एक. आजपासून. मूल मनात येण्याच्या आधीपासून.
तिनं मेंदीच्या हातानं पट्टी उचलली
आणि पर्समध्ये मोबाईलच्या मागे सरकवली.
घेते की नाही, मला माहीत नाही.
पुढच्या मंगळवारी त्या वाटेनं जाणार आहे,
काहीतरी निमित्त काढून.

बिल्किसचा मुलगा कोल्हापूरहून दुसरं ऑपरेशन करून आला.
काल लसीकरणाच्या दिवशी
बाकावर उभा राहून मला म्हणाला :
पाणी. पाव. पापलेट.
वर्षभर जो त्याच्या नाकातून निसटत होता
तो 'प', दोन्ही ओठ मिटून, नीट.

यासाठी वहीत रकाना नाही.
मी त्याची ओळ शोधून काढली
आणि समासात, पेन्सिलीनं, लिहिलं :
प.